रहिमतपूर ते मिरज: इलेक्ट्रॉनिक शॉकअपची जुनी गाडी घ्यावी का?

प्रश्न रहिमतपूरच्या एका सरांचा आहे. त्यांनी आठ वर्षं वापरलेली एक परदेशी बनावटीची सेडान बघितली आहे. चारही चाकांना इलेक्ट्रॉनिक शॉकअप, आत कम्फर्ट आणि स्पोर्टचं बटण, गाडी दिसायला झकास. पण मीटरवर सस्पेन्शनची (चाक आणि गाडीच्या अंगामधल्या स्प्रिंग-शॉकअपच्या जोडणीची) पिवळी लाइट लागलेली आहे आणि पुढच्या डाव्या शॉकअपमधून तेल उतरलंय. विकणारा म्हणतो, "साधे शॉकअप टाकून घ्या सर, काही फरक पडत नाही." सरांच्या वडिलांच्या मणक्याचं ऑपरेशन झालंय, त्यांना महिन्यातून एकदा मिरजेला दाखवायला न्यावं लागतं. आईला घाटात उलट्या होतात. ट्रायल घेतली तेव्हा गाडी 'एवढी काही आरामदायी वाटली नाही' असंही ते लिहितात. सर विचारतात: हे इलेक्ट्रॉनिक सस्पेन्शन नेमकं करतं काय, आपल्या रस्त्यांवर त्याचा उपयोग होतो का, स्टॅबिलिटीचं काय, आणि ही गाडी घ्यावी की नव्या गाड्यांतली एखादी बघावी?

सर, आधी उत्तर देतो. वडिलांना उपयोग होईल, पण तुम्हाला वाटतो तेवढा नाही. आईच्या उलट्या थांबणार नाहीत. आणि साधे शॉकअप टाकायचे असतील तर ही गाडी घेऊ नका, त्या पैशात दुसरी चांगली साधी गाडी मिळेल. आता कारणं. जरा लांबण लागेल, कारण साताऱ्यात सस्पेन्शन आणि अलाइनमेंटचं काम करून मला चोवीस वर्षं झाली आणि या विषयावर माझं तोंड लवकर बंद होत नाही.

सगळे म्हणतात शॉकअप धक्का खातो. धक्का स्प्रिंग खाते. खड्ड्यात चाक गेलं की स्प्रिंग दबते, ताणते, आणि तिला मोकळं सोडलं तर ती नाचतच राहते. तिला आवरायचं काम शॉकअपचं. घरातला पाळणा आठवा. झोका दिला की पाळणा बराच वेळ हलत राहतो. आजी नुसतं बोट लावते आणि तो दोन हेलकाव्यात थांबतो. ते बोट म्हणजे शॉकअप. आत तेल असतं, पिस्टनला बारीक छिद्रं आणि पत्र्याच्या चकत्यांचे व्हॉल्व्ह असतात, तेल त्यातून दाबून जाताना हालचालीची ताकद उष्णता होऊन निघून जाते. लांबच्या प्रवासानंतर शॉकअपला हात लावून बघा, कोमट लागतो.

अडचण अशी की ते बोट किती जोरात लावायचं हे कंपनीला कारखान्यातच एकदा ठरवावं लागतं. छिद्रं बारीक ठेवली तर गाडी डोलायची लगेच थांबते, पण रस्त्याची प्रत्येक खरखर सीटमध्ये येते. छिद्रं मोठी ठेवली तर खरखर जाते आणि गाडी होडीसारखी डोलायला लागते. दोन्ही एकदम जमत नाही. प्रत्येक साध्या गाडीचा शॉकअप ही मांडवली असते, आणि ती कुठल्या रस्त्यावर केली होती हे गाडीत बसल्या बसल्या कळतं.

इलेक्ट्रॉनिक शॉकअपमध्ये ते छिद्र चालत्या गाडीत लहानमोठं होतं. बहुतेक गाड्यांत विजेवर चालणारा एक व्हॉल्व्ह तेलाची वाट आवळतो किंवा सैल करतो. दुसऱ्या एका जातीत व्हॉल्व्हच नसतो. तेलातच लोखंडाचे अतिबारीक कण असतात, पिस्टनमधल्या गुंडाळीतून करंट सोडला की तेल घट्ट होतं, करंट काढला की पातळ. ही दुसरी जात २००२ मध्ये कॅडिलॅकच्या सेव्हिल गाडीत पहिल्यांदा आली आणि ती काही मिलिसेकंदांत बदलते. वीज वापरून कडक-मऊ करण्याची कल्पना त्याहून जुनी आहे, टोयोटाने १९८३ च्या सोअरर गाडीत ती विकायला आणली होती.

कधी कडक आणि कधी मऊ, हे कोण ठरवतं? गाडीच्या अंगावर तीन-चार ठिकाणी हालचाल मोजणारे सेन्सर असतात, चाकाच्या आर्मला उंची मोजणारा सेन्सर असतो, शिवाय स्टिअरिंग किती वळलंय, ब्रेक किती दाबलाय, स्पीड काय, हे सगळं वायरवर येतच असतं. कंट्रोल युनिट, म्हणजे सस्पेन्शनचा छोटा कॉम्प्युटर, त्यावरून हिशेब करतं. त्या हिशेबाचं मूळ १९७४ च्या एका संशोधन लेखात आहे आणि त्याला स्कायहूक म्हणतात, म्हणजे आभाळातला आकडा. आढ्याला पाळणा टांगतात तशी गाडी आभाळाला टांगली आहे असं समजायचं. चाकं खाली रस्त्याप्रमाणे वरखाली होऊ देत, गाडी मात्र टांगल्यासारखी जागेवर राहिली पाहिजे. खरा आकडा अर्थातच नसतो. म्हणून युनिट असं करतं: गाडी वर उसळतेय आणि शॉकअप ताणला जातोय, तर शॉकअप कडक केला की गाडी मागे ओढली जाईल, तेव्हा कडक. गाडी वर उसळतेय पण चाक तिच्याहून जोरात वर येतंय, म्हणजे शॉकअप दाबला जातोय. आता कडक केलं तर चाक गाडीला आणखी वर ढकलेल, तेव्हा मऊ. हा निर्णय सेकंदाला शेकडो वेळा, चारही चाकांसाठी वेगवेगळा.

यातली मेख लक्षात घ्या. असा शॉकअप फक्त विरोध करू शकतो, स्वतःहून ढकलू शकत नाही. ढकलणारी खरी ॲक्टिव्ह सस्पेन्शनंही झाली; १९९२ साली ड्रायव्हर नायजेल मॅन्सेल विल्यम्स संघाच्या ज्या गाडीवर फॉर्म्युला वनचा जगज्जेता झाला तिच्यात ती होती, आणि १९९४ पासून शर्यतीत त्यावर बंदी आली. रस्त्यावरच्या गाड्यांत मर्सिडीजने १९९९ मध्ये हायड्रॉलिक पंपावर चालणारं तसलं सस्पेन्शन दिलं. त्याची दुरुस्ती हा वेगळाच दुखवटा आहे, त्यात नको जायला. तुमची गाडी त्यातली नाही.

आता तुमचा रस्ता. मिरजेची फेरी, रोजची वाट आणि आईचा घाट मी डोळ्यासमोर आणतो तेव्हा त्यात तीन वेगवेगळे त्रास दिसतात, आणि प्रत्येकाला या सस्पेन्शनचा उपयोग वेगळा आहे.

पहिला त्रास लाटांचा. पेठ नाक्याला हायवे सोडून आष्ट्याकडे निघालात की काळी माती सुरू होते. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि वरचा डांबरी रस्ता तिच्याबरोबर हलतो. खड्डा एकही नसतो, पण रस्त्याला लांबलांब लाटा पडतात. आता हिशेब करा. लाट वीस मीटरची धरा. ८० च्या स्पीडला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, म्हणजे सेकंदाला एकाहून थोडी जास्त लाट. आणि कुठल्याही मोटारीचं अंग स्प्रिंगवर स्वतःच्या चालीने सेकंदाला साधारण एक ते दीड वेळा वरखाली होत असतं. दोन्हींचा ठेका जुळला की झोक्याला वेळेवर धक्का दिल्यासारखं होतं. प्रत्येक लाटेला गाडी आधीपेक्षा उंच जाते, मागच्या सीटवरचा माणूस अधांतरी होतो आणि मग दाणकन बसतो. तुमच्या वडिलांना त्रास इथे होत असणार, आणि तुम्ही पुढे स्टिअरिंग धरून बसलेले असल्यामुळे तुम्हाला तो निम्माही कळत नसणार. इथे इलेक्ट्रॉनिक शॉकअप आपले पैसे वसूल करतो. दुसऱ्या लाटेलाच तो अंग धरतो. साध्या गाडीतही याला एक फुकटचा उपाय आहे: डोलायला लागली की स्पीड पंधरा-वीसने कमी करा. ठेका मोडतो, डोलणं निवतं. ऑपरेशन झालेल्या माणसाला घेऊन जाताना एवढं केलं तरी खूप.

दुसरा त्रास कडेचा. खड्ड्याची धारदार कड, पुलाचा लोखंडी जोड, आणि आपले गावठी गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, सतरा मीटर त्रिज्येचा गोलवा असलेला पाहिजे, म्हणजे २५ च्या स्पीडला त्यावरून सुखाने जाता येतं. रहिमतपूर ते सातारा या तुमच्या रोजच्या वाटेवर त्या मापाचे किती दिसतात ते मोजा. उरलेले शेताचा बांध उचलून रस्त्यावर आडवा ठेवल्यासारखे. ६० च्या स्पीडला चाक पाच सेंटिमीटरची कड तीन मिलिसेकंदांत ओलांडतं. सेन्सरला कळेपर्यंत, युनिटने ठरवेपर्यंत, व्हॉल्व्ह हलेपर्यंत कड मागे गेलेली असते. तो पहिला ठोसा टायर खातो, मग रबरी बुश, मग स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकअपच्या एकत्र खांबाच्या) वरचं माउंटिंग. इलेक्ट्रॉनिक्स नंतर येतं आणि उरलेलं आवरतं. पुढच्या चाकाने खाल्लेला धक्का बघून मागच्या चाकाची तयारी करणं तेवढं जमतं, कारण ६० ला मागचं चाक तिथे पोचायला सेकंदाचा सहावा भाग लागतो आणि कॉम्प्युटरला तेवढा वेळ म्हणजे चैन आहे. आधी रस्ता बघून तयारी करणारी गाडीही निघाली. मर्सिडीजच्या २०१३ च्या एस क्लासमध्ये दोन कॅमेऱ्यांनी पंधरा मीटर पुढचा रस्ता वाचायची सोय होती. पण आपल्याकडे खड्ड्यात पाणी भरलेलं असतं, आणि पाण्याखाली खड्डा वीतभर आहे की हातभर, हे माणसालाही कळत नाही.

म्हणून जाता जाता सांगतो. माझ्याकडे येणाऱ्या दर चार 'शॉकअप गेले' गाड्यांत एखादीचेच शॉकअप गेलेले असतात. बाकीच्यांचे लोअर आर्मचे बुश फाटलेले असतात, लिंक रॉडचे बॉल ढिले असतात, नाहीतर मुलाने हौसेने एक इंच मोठ्या रिमा आणि पातळ टायर बसवलेले असतात. टायरची भिंत म्हणजे गाडीची पहिली स्प्रिंग. ती कापून कमी करायची आणि मग लाखाचे शॉकअप बघायचे, याला काय म्हणावं? तुम्ही बघितलेल्या गाडीला मोठ्या रिमा आहेत का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. बघा.

तिसरा त्रास घाटाचा, म्हणजे आईचा. इथे लोकांची हमखास फसगत होते. वळणात गाडी किती कलंडणार हे स्प्रिंग आणि स्टॅबिलायझर बार (डावं-उजवं चाक जोडणारी लोखंडी दांडी) ठरवतात. शॉकअप फक्त किती झटक्यात कलंडणार एवढंच ठरवतो, कारण हालचाल थांबली की शॉकअपला काही कामच उरत नाही. पसरणीच्या एखाद्या लांब वळणात गाडी अंग टाकून स्थिर झाली की शॉकअप साधा असो की इलेक्ट्रॉनिक, कल तेवढाच. उजवं वळण सोडून डावं धरताना जो झोका बसतो तो मात्र इलेक्ट्रॉनिकमध्ये चांगलाच कमी होतो. पण उलटी त्या झोक्यापेक्षा सावकाश, दोन-पाच सेकंदांनी एकदा होणाऱ्या डावी-उजवीच्या ओढीने होते, आणि ती ओढ वळणाची आहे. तिला औषध ड्रायव्हरच्या पायात: वळणाआधी ब्रेक, वळणात पाय स्थिर, आईला पुढच्या सीटवर बसवून नजर लांब रस्त्यावर. पाचगणीचे जुने टॅक्सीवाले साध्या गाडीतून पाहुण्यांना उलटी न होता वर नेतात, त्यांच्याकडे कुठलं बटण नसतं.

स्टॅबिलिटीबद्दल तुम्ही एका ओळीत विचारलंय, पण माझ्या मते पैसे द्यायचं खरं कारण तेच आहे. उसाचा हंगाम डोळ्यासमोर आणा. रात्रीची वेळ, कोरेगाव रोड, समोर दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, मागे ना लाइट ना रिफ्लेक्टर. शेवटच्या क्षणी दिसतो आणि तुम्ही ब्रेक मारून उजवीकडे काढता, लगेच डावीकडे. पहिल्या वळणाला गाडी कलंडते, दुसऱ्याला त्याच झोक्याच्या जोरावर उलट बाजूला दुप्पट जाते आणि मागचं आतलं चाक हलकं पडतं. इलेक्ट्रॉनिक सस्पेन्शन स्टिअरिंगचा झटका बघून, गाडी कलंडायच्या आतच चारही शॉकअप कडक करतं. ब्रेकला नाक खाली घालणं कमी होतं, चाकावरचा भार एकदम न हलता सावकाश हलतो, टायर रस्ता धरून राहतात. कम्फर्टचं बटण दाबलेलं असलं तरी ते असंच करतं. बटण फक्त रोजचा स्वभाव बदलतं, अडचणीच्या वेळी ते तुम्हाला विचारत बसत नाही.

आणि म्हणूनच 'साधे टाका, काही फरक पडत नाही' या वाक्यावर माझा राग आहे. राग स्वतःवरही आहे, कारण मी तेच केलेलं आहे. बरीच वर्षं झाली. एका गिऱ्हाइकाचा पुढचा एक शॉकअप गळत होता, कंपनीच्या जोडीचा भाव ऐकून तो हादरला. मी पुढे साध्यांची जोडी बसवली आणि कपलरमध्ये, म्हणजे वायरच्या जोडात, रेझिस्टर (वीज अडवणारे छोटे तुकडे) लावून कंट्रोल युनिटला गंडवलं. लाइट गेली, गिऱ्हाईक खूश, मीही स्वतःला शहाणा समजलो. महिन्याभराने तो आला तो पांढरा पडूनच. पुण्याला जाताना खंबाटकीचा जुना बोगदा ओलांडला, पुढच्या उतारावर ते एस आकाराचं वळण आहे, तिथे समोरच्या ट्रकने वेग आवळल्यावर याने ब्रेक मारला. नाक खाली गेलं, मागचं हललं, कठड्यापासून हातभरावर गाडी थांबली. झालं असं होतं की युनिटला वाटत होतं पुढचे शॉकअप आपलं ऐकतायत, त्या भरवशावर ते मागचे चालवत होतं. पुढचे तर बहिरे. ना धड साधी गाडी राहिली होती ना इलेक्ट्रॉनिक. मी रेझिस्टर काढले, माझी मजुरी परत केली, आणि योग्य जोडी मागवून मूळ किमतीत लावून दिली. ते रेझिस्टर अजून माझ्या टेबलाच्या काचेखाली आहेत. नवीन पोरगं कामाला लागलं की आधी ते दाखवतो.

चारही साधे टाकले तर? निदान पुढे-मागे मेळ राहतो. पण स्प्रिंगा मूळ इलेक्ट्रॉनिक शॉकअपच्या हिशेबाने दिलेल्या असतात, युनिटचं कोडिंग बदलावं लागतं, नाहीतर लाइट कायम. आणि गाडीची किंमत तुम्ही ज्या गोष्टीसाठी मोजताय तीच काढून टाकताय.

आता त्या पिवळ्या लाइटचं. ती लागली की बहुतेक गाड्यांत युनिट हात वर करतं आणि शॉकअप एका ठरावीक, सहसा कडकच, अवस्थेत सोडून देतं. म्हणजे तुम्ही जी ट्रायल घेतलीत ती इलेक्ट्रॉनिक सस्पेन्शनची नव्हतीच. 'एवढी काही आरामदायी वाटली नाही' असं तुम्ही लिहिलंय, ते त्यामुळे. कोपरा दाबून गाडी किती उसळते बघायची आपली जुनी परीक्षा इथे चालत नाही. चावी बंद असताना व्हॉल्व्हला वीजच नसते, त्यामुळे चांगला शॉकअपही बहुतेकदा लाकडासारखा लागतो. तेलातल्या लोखंडी कणांच्या जातीत उलटं होतं, वीज नसली की तो ढिला लागतो आणि अडाणी मेकॅनिक त्याला मेलेला ठरवतो.

तुमच्या गाडीत तेल खाली उतरलंय, म्हणजे तो शॉकअप जाणारच. शॉकअपच्या नळीवर धूळ चिकटून नुसता ओलसर पट्टा असतो त्याला मी घाम म्हणतो, तो चालतो. खालपर्यंत ओघळ आणि खालच्या कपात थेंब असेल तर सील गेलं. पण लाइट त्याच्यामुळेच लागली असेल असं धरून चालू नका. तेल गळणं कॉम्प्युटरला थेट कळत नाही, त्याला वायर आणि सेन्सर कळतात. म्हणून स्कॅनर लावून बिघाडाचे कोड वाचा, मग मल्टिमीटरने शॉकअपच्या कॉइलचा (विजेच्या गुंडाळीचा) रेझिस्टन्स डावा-उजवा ताडून बघा. दोन्ही जवळपास सारखेच आले पाहिजेत. एक वेडावाकडा आला तर कॉइल किंवा कपलर. बॅटरी अशक्त असली तरी भलते कोड येतात, तेव्हा आधी बॅटरी. स्कॅनरवर चार चाकांची उंची लाइव्ह दिसते; टेप घेऊन चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारही बाजू मोजा आणि आकड्यांशी लावून बघा.

हे का सांगतो? मागच्या पावसाळ्यानंतर बामणोलीकडचा एक जण आला होता. कासमार्गे रोजची ये-जा. लाइट लागलेली, दोन ठिकाणी त्याला चारही शॉकअप बदलायला सांगितलेले. गाडी लिफ्टवर घेतली. मागच्या उजव्या आर्मवर उंचीच्या सेन्सरची बोटभर लांबीची प्लास्टिकची दांडी असते, तिच्या दोन्ही टोकांना मण्याएवढे बॉल. तिथे कास पठाराचा तांबडा चिखल बसून विटेसारखा वाळलेला. दांडी हलेना. गाडी वर गेली तरी सेन्सर म्हणतोय खाली आहे. कोमट पाणी, जुना टूथब्रश, अर्धा तास. पण सोडवताना एक बॉल निखळलाच, दांडी नवीन टाकली, उंची पुन्हा शिकवली. शॉकअप चारही ठणठणीत होते. आपल्या भागात पावसाळा संपला की खालून साध्या पाण्याने धुवा, प्रेशर गनचं तोंड कपलरवर धरू नका, एवढं केलं तरी निम्म्या लाइटी लागत नाहीत.

एक वेगळी भीतीही आहे. २०१९ आणि २०२१ ला कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं तेव्हा कित्येक गाड्या बुडाल्या. त्यातल्या बऱ्याच धुऊन-पुसून, लांबच्या तालुक्यात स्वस्तात विकल्या गेल्या. इंजिन चालतं, एसी चालतो, सीट नवीन. पण सस्पेन्शनचं युनिट काही गाड्यांत सीटखाली, काहींत डिकीत असतं, आणि त्याचा कपलर काढला की पितळी पिनांवर हिरवट बुरशी दिसते. तुमच्या गाडीची लाइट कधी लागते, कधी जाते, असं असेल तर आधी तो कपलर उघडा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, मुळाशी गाळाची रेघ असते. विमा कंपनीकडचा क्लेमचा इतिहास मागा. हिरवी पिन दिसली की विषय संपला, किंमत कितीही उतरवली तरी.

तुमच्या गाडीला स्प्रिंगा लोखंडी आहेत, एअर बलून (हवा भरलेले रबरी फुगे) नाहीत, ही चांगली गोष्ट. बलूनमध्ये आराम वेगळाच असतो, लालपरी आणि शिवनेरीतला फरक आपण सगळ्यांनी अंगावर घेतलेला आहे. पाट्याची स्प्रिंग आणि हवा यातला तो फरक. माणसं भरली तरी उंची तीच आणि हेलकाव्याची चालही जवळपास तीच राहते. पण रबर म्हातारं होतं. घडीवर बारीक चिरा पडतात, रात्रभरात गाडी एका बाजूला बसते, आणि हवा भरून भरून कंप्रेसर जळतो. लोक मग नुसता कंप्रेसर बदलतात, तो सहा महिन्यांत पुन्हा जळतो. साबणाचं पाणी मारून आधी बुडबुडे बघायला दहा मिनिटं लागतात. असो, तुमच्या वाटेला ते नाही.

आणखी एक गोंधळ मिटवतो, कारण तुम्ही नव्या गाड्यांचंही विचारलंय. महिंद्राच्या एक्सयूव्ही ७०० मध्ये फ्रिक्वेन्सीप्रमाणे बदलणारे शॉकअप आहेत असं सेल्समन सांगतो आणि ऐकणाऱ्याला ते इलेक्ट्रॉनिक वाटतं. ते पूर्ण यांत्रिक आहेत: आत एक जादा व्हॉल्व्ह, बारीक खरखर आली की तेलाला आडवाट मिळते, सावकाश डोलणं आलं की ती वाट बंद होते. वायर नाही, सेन्सर नाही, लाइट लागायचा प्रश्न नाही. शॉकअप म्हातारा झाला की बदलायचा, बस्स. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या त्यांच्याच बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या विजेवरच्या गाड्यांत मात्र वरच्या मॉडेलमध्ये वीज-नियंत्रित शॉकअप आहेत. तुमच्यासारख्या माणसाला, जो गाडी दहा वर्षं वापरणार आणि महिन्यातून एकदाच लांब जाणार, मी यांत्रिक जातीकडेच वळवीन. वडिलांना लाटांवर ऐंशी टक्के आराम त्यातही मिळेल, हा माझा अंदाज आहे, मोजमाप नाही.

पण तुमचा जीव त्या सेडानवर बसला असेल तर असं करा. विकणाऱ्याला सांगा, पुढची दोन्ही इलेक्ट्रॉनिक शॉकअपची जोडी, वरच्या माउंटिंगसकट, तू टाक किंवा तेवढे पैसे किमतीतून कमी कर. एकच बाजू बदलायला तयार असेल तर नाही म्हणा. आठ वर्षांच्या गाडीत उजवा शॉकअप डाव्याच्या वर्षभर मागे असतो, जास्त नाही. मागच्या जोडीचेही पैसे दोन-तीन वर्षांत तुमच्याच खिशातून जाणार हे धरून चाला. कोड पुसून झाल्यावर लाइट परत येते का हे बघायला गाडी दोन दिवस वापरायला मागा. देत नसेल तर त्याला उत्तर माहीत आहे.

आणि ते दोन दिवस गाडी साताऱ्याच्या हायवेवर पळवू नका, तिथे सगळ्याच गाड्या चांगल्या वाटतात. वडिलांना मागे, ते नेहमी बसतात त्याच बाजूला बसवा. पेठ नाक्यावरून आष्ट्यापर्यंत ७० ने कम्फर्टवर जा, येताना तोच रस्ता, तोच स्पीड, स्पोर्टवर. कुठलं बटण कधी होतं ते त्यांना सांगू नका. घरी आल्यावर, चहा झाल्यावर, जाताना बरं वाटलं की येताना, एवढंच विचारा. त्यांना फरक सांगता आला नाही तर मला फोन करू नका, गाडी परत देऊन या.